१६ अधिक ५१

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने कायद्याविषयी लिहावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु ज्या अनुबोधपटाबद्दल मी लिहिणार आहे त्याच्या मुळाशी एक साधे गणित आहे, आणि तेवढे तरी मला येते. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या त्या वेळच्या कायद्यात जन्मठेप म्हणजे ६० वर्षे. चांगल्या वर्तणुकीची सूट जास्तीत जास्त १५ टक्के, म्हणजे ९ वर्षे. बाकी ५१. तेवढी भोगल्याखेरीज सुटकेचा विचारसुद्धा व्हायचा नाही. सिंटोया ब्राउन पकडली गेली तेव्हा १६ वर्षांची होती. १६ अधिक ५१ म्हणजे ६७. आपल्याकडची पोरे ज्या वयात अकरावीचा फॉर्म भरतात, त्या वयापासून तिची खतावणी सुरू झाली आणि शेवटची नोंद ६७ व्या वर्षी व्हायची होती.

डॅनियल बर्मन या दिग्दर्शकाने तिच्या अटकेनंतर लवकरच चित्रण सुरू केले. त्यातून २०११ साली एक अनुबोधपट निघाला आणि २०२० साली नेटफ्लिक्सवर ‘मर्डर टू मर्सी’ हा दुसरा आला. परीक्षा संपल्यावर आम्ही तिघा मित्रांनी तो एकाच मोबाइलवर डोक्याला डोके लावून पाहिला.

हकिगत थोडक्यात अशी. ऑगस्ट २००४, नॅशव्हिल शहर. घरातून पळालेली ही मुलगी एका तरुणाच्या तावडीत सापडली होती, आणि तो तिला शरीरविक्रय करायला लावीत होता. एका रात्री ४३ वर्षांचा एक गृहस्थ तिला आपल्या घरी घेऊन गेला. तिथे तिने त्याला गोळी घातली. तो बंदूक काढतो आहे असे वाटून आपण घाबरलो, असे तिचे म्हणणे. तो झोपेत होता आणि हेतू चोरीचा होता, असे सरकार पक्षाचे. जाताना तिने पैसे, बंदुका आणि त्याची गाडी नेली, हेही खरे. बालन्यायालयाने खटला प्रौढांच्या कोर्टाकडे पाठवला आणि २००६ साली तिला जन्मठेप झाली.

या चित्रपटाची खरी ताकद कोर्टातल्या भाषणांत नाही. ती आहे तीन बायकांच्या चेहऱ्यांत: आजी, जन्मदाती आई आणि ही मुलगी. गरोदरपणी आपण दारू पीत होतो हे आई स्वतः सांगते. तो भाग पाहताना आमच्यापैकी कोणी बोलले नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेली १६ वर्षांची मुलगी मधेच हसते, मधेच रडते; आपण काय करून बसलो आहोत याचा तिलाच पुरता पत्ता नाही. मग त्याच चित्रपटात तीच तिशीची, शांत, तोलून बोलणारी. तुरुंगात राहून तिने कॉलेजची पदवी मिळवली. ७ जानेवारी २०१९ रोजी गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी तिची शिक्षा कमी केली. त्यांना पद सोडायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. १५ वर्षे भोगून त्याच ऑगस्टमध्ये ती बाहेर आली, पुढली १० वर्षे देखरेखीखाली राहण्याच्या अटीवर.

चित्रपट संपला तेव्हा मला आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचीच शंका येऊ लागली. तिच्या अर्जावर पॅरोल मंडळाच्या सहा सदस्यांनी २०१८ साली विचार केला होता. दोघे म्हणाले सोडा, दोघे म्हणाले सोडू नका, आणि दोघे म्हणाले २५ वर्षांनंतर बघू. कागदपत्रे तीच, मुलगी तीच. मग निर्णय कशाने झाला? २०१७ च्या अखेरीस रिहाना, किम कार्दाशियन अशी जगभर गाजलेली नावे तिच्या बाजूने बोलू लागली होती. तिच्यावर चित्रपट निघाला होता. ती हुशार होती, बोलकी होती. ज्या पोराला धड बोलता येत नाही, तुरुंगातही जो परीक्षेला नापासच होतो, त्याच्या अर्जाचे काय? दया हे गुणवत्ता यादीतल्यांना मिळणारे बक्षीस आहे काय? (गंमत म्हणजे हा दुसरा चित्रपट आपल्या संमतीने झालेला नाही, असे सिंटोयाने सुटल्यावर जाहीरपणे सांगितले.)

आपण मराठीत ‘दयेचा अर्ज’ म्हणतो. आपल्या कन्नड विभागातले मित्र ‘क्षमादान’ म्हणतात. एकात अर्ज, दुसऱ्यात दान. हक्क कुठेच नाही. माझे म्हणणे एवढेच, की मुलांच्या बाबतीत फेरविचाराची तारीख कायद्यातच छापलेली असावी. गव्हर्नरच्या मर्जीवर ती सोडू नये. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली दुसऱ्या एका खटल्यात अल्पवयीनांना सरसकट ५१ वर्षांची ही शिक्षा घटनाबाह्य ठरवली आणि २५ ते ३६ वर्षांच्या दरम्यान पॅरोलची सुनावणी देण्यास सांगितले. सिंटोयाला सुटून तेव्हा तीन वर्षे झाली होती.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांना घोर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे चालवण्याची वाट उघडली. मात्र फाशी, किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप, त्यांना देता येत नाही. म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? १९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. त्यात पाच स्त्रिया होत्या, एक गरोदर, आणि दोन लहान मुले. फाशी झालेल्या एका आरोपीचे वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले मार्च २०२३ मध्ये. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. त्याला दयेने सोडवले नाही. शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेने सोडवले.

हे सारे मी माझ्या मित्राला मोठ्या उत्साहाने ऐकवले. तो चित्रपट पाहतानाच चुळबुळत होता. “तू दोन्हीकडे वर्षे मोजलीस,” तो म्हणाला, “मेलेल्यांची कोणत्या खात्यात धरलीस?” मी म्हटले, शिक्षा कमी करणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे, पंधरा वर्षे काही थोडी नव्हेत. तो म्हणाला, हे त्या माणसाच्या घरी जाऊन सांगशील? मी नाही सांगू शकणार. तरीही साडेबारा वर्षांच्या पोराला फाशी हे मला पटत नाही, आणि ५१ वर्षेही पटत नाहीत. त्यालाही माझे पटलेले नाही. आमचा वाद अजून चालूच आहे.