आत्याला बोलू द्या



माझ्या आत्याने ८६ व्या वर्षी माताजींच्या साक्षीने सल्लेखना घेतली. आधी भाकरी सुटली, मग दूध. ताकावर असताना एका दुपारी ती म्हणाली, "बस्तीत तो समोरच्या खांबाला टेकून बसायचा. अजून डोळ्यांपुढनं जात नाही."

खोलीतले सगळे गप्प. तो कोण, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. तो पंचम, आम्ही चतुर्थ. दोघेही जैन, पण त्या काळी असं लग्न जमत नसे. आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, तीन महिन्यांत आत्याला दुसरीकडे उजवून टाकलं.

काकू लगेच म्हणाल्या, "असलं आठवू नका, वन्सं. अतिचार लागतो."

तत्त्वार्थसूत्राच्या ७ व्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार आहेत आणि त्यांत मित्रानुराग आहे, हे खरं. पण तो नियम याच एका आठवणीला का? आदल्या दिवशी पुण्याच्या नातवाचं नाव काढून आत्या रडली, तेव्हा "किती माया!" म्हणत आपण डोळे पुसले. तो अनुराग नव्हता? अतिचाराचं नाव पुढे करून आपण घराण्याची अब्रू झाकत होतो.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात क्रम सांगितला आहे. आधी स्नेह, वैर, परिग्रह सोडावा. आपल्या माणसांना क्षमा करावी, त्यांची क्षमा मागावी. काही न लपवता आलोचना करावी. आहार कमी करणं त्यानंतर. आपण ताकाचे पेले मोजतो आणि पहिली पायरीच गाळतो. ज्याचं नाव काढायची बंदी, तो स्नेह सोडायचा कसा? दाबलेली गोष्ट सुटत नाही, आत सलत राहते. शल्य म्हणतात ते हेच.

मग मरणाच्या दारात जुन्या प्रेमाच्या गप्पा मारायच्या का, असं कुणी विचारेल. तो पुढच्या जन्मी मिळो, असं मागणं म्हणजे निदान, ते वाईटच. आत्या काही मागत नव्हती. ती सांगत होती.

त्या रात्री मी दार लोटून घेतलं. ती पाऊण तास बोलली. मग म्हणाली, "आप्पांना क्षमा केली. त्याचीही मनात क्षमा मागितली. आता णमोकार म्हण." पुन्हा तिने ते नाव काढलं नाही.

क्षमावाणीला आपण गावभर 'उत्तम क्षमा' म्हणत फिरतो. आत्याची क्षमा मात्र घरातल्या एकानेही मागितली नाही. मीसुद्धा नाही. तुमच्या घरी अशी कुणी म्हातारी अंथरुणावर असेल, तर तिचे अतिचार मोजण्याआधी तिची क्षमा मागा.