आषाढातले ताट

आपल्या विद्यालयाच्या भोजनगृहात शाकाहारी अन्नच शिजते. ही परंपरा आपल्यापैकी बहुतेकांना मान्य आहे आणि माझाही तिला विरोध नाही. मात्र शाकाहाराची कसोटी लागते ती ताज्या भाज्या मिळेनाशा होतात तेव्हा, आणि त्या काळाची तयारी आपण पुरेशी करतो असे मला वाटत नाही.

लडाखसारख्या प्रदेशात हा कठीण काळ हिवाळ्याचा असतो. तेथील लोक उन्हाळ्यातच पालेभाज्या वाळवतात व कंदमुळे जमिनीखाली पुरून ठेवतात. आपल्याकडे हिवाळा सुबत्तेचा. वाल, मेथी, मुळा यांनी कल्याणचा बाजार भरलेला असतो. आपली टंचाई येते आषाढात. माळशेज किंवा कसारा घाटात दरड कोसळली की जुन्नर-नाशिककडचा भाजीपाला अडतो; जो पोहोचतो तो भिजलेला आणि महाग. नेमका हाच वर्षावासाचा काळ आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक घरांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते व मांसाहार वर्ज्य केला जातो.

एरवी आपल्या अनेक घरांची पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुकट आणि सुके बोंबील. गरिबाच्या मुलाला प्रथिने मिळतात ती त्यातूनच. वसतिगृहात आल्यावर ते ताटातून जाते. त्याच्या जागी काय येते, हा माझा प्रश्न आहे. बटाट्याचा रस्सा आणि पातळ वरण हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

भगवान बुद्धांनी भिक्खूंवर शाकाहाराची सक्ती केली नव्हती. देवदत्ताने तशी मागणी केली तेव्हा त्यांनी ती नाकारली, असे विनयपिटकात आले आहे. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस मात्र त्यांनी निषिद्ध ठरविले. म्हणून आपला शाकाहार मैत्रीभावनेवर उभा राहावा. सोवळ्याओवळ्याची सावलीही त्यावर पडू नये. ज्या समाजाने अन्नावरून पिढ्यानपिढ्या अपमान सोसला, त्याच्या विद्यालयात घरी सुकट खाणाऱ्या मुलाला कमीपणा वाटता कामा नये. आणि प्राणिमात्रांविषयीची मैत्री पंगतीत बसलेल्या त्या मुलापर्यंतही पोहोचली पाहिजे.

उपाय आपल्या परिसरातच आहेत. वाल, मटकी, मूग, चवळी, कुळीथ यांची साठवण मे महिन्यातच व्हावी. मोड आणलेल्या कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते. उसळीवर लिंबू पिळले तर लोहही अधिक शोषले जाते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी असावी. ब-१२ जीवनसत्त्व मात्र धान्य-भाज्यांतून मिळत नाही; त्यासाठी दूध किंवा दही रोज हवेच.

राहिली हिरवी भाजी. पावसाच्या पहिल्या सरींनंतर मुरबाड-शहापूरच्या आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळे घेऊन शहरांत येतात. शेवळे काकडाच्या फळांसोबत शिजवले नाहीत तर घसा खाजतो. कोणती भाजी कशी निवडावी व शिजवावी, हे त्यांना पिढीजात ठाऊक आहे. विद्यालयाने त्यांच्याकडून थेट खरेदी करावी आणि योग्य मानधन देऊन आपल्या स्वयंपाकघरात शिकविण्यासाठी त्यांना सन्मानाने बोलवावे.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. राहण्या-जेवण्याची सोय झाल्यावाचून आपल्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच: भिंतीवर नावाची फरशी लागावी म्हणून देणगी देण्यापेक्षा यंदा एका पावसाळ्याचे कडधान्य द्या.