फरक पृथ्वीच्या फिरण्याचा नव्हे, वाऱ्याचा

संपादक महोदय,

दिल्ली-टोकियो विमानप्रवासाविषयीचे गेल्या अंकातील पत्र वाचले. जाताना साधारण साडेसात तास आणि येताना नऊ ते साडेनऊ तास लागतात, हे निरीक्षण बरोबर आहे. पण त्याचे कारण पृथ्वीचे परिवलन, हे पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्याच वातावरणातून उडते. खालची जमीन सरकल्याने फरक पडत असता, तर पश्चिमेकडे येतानाच वेळ वाचला असता. घडते नेमके उलटे.

दोन्ही शहरांमधील हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर आहे. वेळ बदलतो तो नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे. टोकियोकडे जाताना ते पाठीशी असतात, परतताना समोरून येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि हा फरकही वाढतो. टोकियोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, तो हिशेब वेगळा.

या वाऱ्यांचा अभ्यास जपानमध्येच झाला. वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून त्यांचा वेग मोजला आणि १९२६मध्ये एस्परांतो भाषेत अहवाल प्रसिद्ध केला. त्याकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. १९४४मध्ये जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना याच वाऱ्यांनी जेरीस आणले.

आपला पत्रव्यवहार विद्यार्थीही वाचतात. त्यांच्यापर्यंत चुकीचे कारण पोहोचू नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

– एक वाचक, पुणे