रिंगणातला रस कुठून येतो?

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतो. मग मेंढ्यांचा कळप पालखीभोवती धावू लागतो. धुरळा, खुरांचा आवाज, टाळांचा गजर. पुढे इंदापूर तालुक्यात, बेलवाडीला गोल रिंगण. अश्व दौडून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे झेपावतात.

या आनंदाचे कारण घोडा आहे का? रसाच्या कारणाचा हा प्रश्न जुनाच आहे.

विभाव (भाव जागवणारी कारणे), अनुभाव (त्याच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे भाव) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात मांडले. भट्ट लोल्लटाने रसाला सरळ कारणातून उपजणारे कार्य मानले. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी ते खोडून काढले. कुंभार निघून गेला तरी मडके उरते. रस मात्र विभाव समोर असेपर्यंतच टिकतो. तो आस्वादातच असतो, आणि आस्वाद घ्यायला सहृदय, म्हणजे मनाची तयारी असलेला रसिक, लागतो. (भक्तीला ते स्वतंत्र रस मानत नाहीत, तो वाद वेगळा.)

बेलवाडीतला सहृदय देहूपासून पायी आलेला असतो, अभंग पाठ असलेला. म्हणूनच कर्ण्यांचा आवाज चढवला की भक्ती चढते, हा समज घातक आहे. ड्रोनच्या घरघरीत टाळ बुडतो आणि आस्वादच तुटतो. संयोजकांनी रिंगणाचे कडे टाळकऱ्यांसाठी राखावे, कॅमेऱ्यांना मागे जागा द्यावी आणि तेवढा वेळ कर्णे बंद ठेवावेत.