सेटमधला फ्यूज पुरत नाही!

"सेटमध्ये फ्यूज आहेच की!" काकांच्या गाडीत नेव्हिगेशन, स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवणारा म्हणाला. आम्हीही माना डोलावल्या.

भर पावसात त्र्यंबकेश्वरला निघालो. गाव जवळ आलं तोच बॉनेटमधून धूर! इंजिन बंद केलं तरी थांबेना, कारण वायर थेट बॅटरीची. आजीला आधी खाली उतरवलं. निगेटिव्ह टर्मिनल काढलं तेव्हा कुठे धूर थांबला.

लाल वायर फायरवॉलच्या (कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमची नव्हे) नुसत्या भोकातून नेलेली. रबरी ग्रोमेट नाही, पत्र्यावर घासून इन्सुलेशन गेलेलं. शॉर्ट झाला तो बॅटरी आणि सेटच्या मध्ये, मग सेटमधला फ्यूज कशाला उडेल? 240 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर 12 व्होल्टवर 20 अँपिअर घेतो; शॉर्ट झाला की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, आणि वायरला झेपेल तेवढ्याच रेटिंगचा. मोठा घालणं म्हणजे न घालणंच!

दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण ओहमचा नियम घोकलेला भावी इंजिनिअर, म्हणजे अस्मादिक, तेव्हा शेजारीच उभा होता. गाणी निवडत.