आजीचे ताट

घरात वृद्ध माणूस असले की त्याच्या आहाराविषयी एक समजूत सर्वत्र आढळते : ‘आता वय झाले, हलकेच खावे.’ सकाळी चहाबरोबर दोन खारी, दुपारी आमटीचे वरचे पाणी घातलेला मऊ भात, रात्री पेज. आणि एकादशी-चतुर्थी आली की साबूदाणा. आजी तृप्त, घरचेही निश्चिंत. आम्हांस मात्र ही निश्चिंती घातक वाटते.

चाळिशी उलटल्यावर मनुष्याचे स्नायू हळूहळू झिजू लागतात व साठीनंतर त्या झिजेस वेग येतो. अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली तिला ‘सार्कोपेनिया’, म्हणजे मांसाचे दारिद्र्य, असे ग्रीक शब्दांवरून नाव दिले. पाटावरून उठताना हात टेकावा लागणे, भरलेली कळशी न उचलणे, यांस आपण सरसकट वार्धक्य म्हणतो; परंतु त्यातील काही भाग निव्वळ उपासमारीचा असतो. पोट भरलेले, स्नायू मात्र उपाशी!

उतारवयात प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते. दर किलो वजनास रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने वृद्धांस हवीत, असे तज्ज्ञ सांगतात; म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीस ५० ते ६० ग्रॅम. शंभर ग्रॅम साबूदाण्यात एक ग्रॅमही नसते. तितक्याच मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम असतात. तेव्हा येथे श्रीमंतीचा प्रश्नच नाही. दाट वरण, पिठले, मऊ शिजवलेली उसळ, दही आणि चालत असल्यास अंडे, एवढे पुरे. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यास विचारावे.) पण सर्वांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्या आजीच्या वाट्यास तळाचे वरण तरी उरते काय?

केवळ खाऊनही भागत नाही. बोस्टन येथील एका शुश्रूषागृहात सरासरी ८७ वर्षांच्या शंभर वृद्धांवर प्रयोग झाला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. नुसते पौष्टिक पेय घेणाऱ्यांस तसा लाभ झाला नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या बडोद्यातही व्यायाम हा तरुणांचाच विषय मानला जावा, हे नवल होय! आजोबांनी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. नातवाने शेजारी उभे राहून मोजावे.

राहता राहिला उपवास. तो सोडा, असे आम्ही म्हणत नाही. वरीचे तांदूळ, दाण्याची दाट आमटी आणि वाटीभर दही उपवासास आपल्याकडे चालतच आले आहे.