वल्हं किती हलकं ते नंतर, तुटतं कसं ते आधी

मंडळी, विषय वाचून काहींना वाटेल की कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये माणसाला भलतेच नाद लागलेले दिसतात. विषय आहे वल्ह्याचा. पाण्यावर फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं आणि एका लांब वल्ह्यानं ती चालवायची, हा स्टँड-अप पॅडलबोर्डचा शौक आता आपल्या लोकांतही शिरला आहे. इथली तरुण पोरं सुट्टी मिळाली की पुरीच्या किनाऱ्याकडे पळतात. तिकडे गावाकडे, तारकर्ली-देवबागच्या बाजूला, निवृत्तीनंतर जलक्रीडेचा व्यवसाय करू पाहणारे जुने सहकारी आहेत. दोघांचा प्रश्न एकच: लाटांवर खेळायचं तर कुठलं वल्हं घ्यावं, जे टिकेल?

दुकानदार दोन गोष्टी सांगतो, वजन आणि किंमत. माझ्या मते या दोन्ही गोष्टी दुसऱ्या नंबरच्या. पहिला प्रश्न असा विचारावा: हे वल्हं तुटेल तेव्हा कसं तुटेल? आधी इशारा देईल की दगा देईल? आणि तुटल्यावर मला ते आहे तिथेच दुरुस्त करता येईल का?

फौजेत राहिलेल्याला ही विचार करण्याची रीत नवी नाही. कुठलंही सामान आपण 'नवं असताना कसं चालतं' यावरून जोखत नाही. चिखलात पडल्यावर, खारं पाणी लागल्यावर, थकलेल्या हातात गेल्यावर ते कसं वागतं, त्यावरून जोखतो. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीच्या पुरात सैन्याच्या, नौदलाच्या आणि एनडीआरएफच्या बोटी गल्ल्यांतून फिरल्या, ते आठवा. पुराच्या पाण्यात ओबीएमच्या पंख्यात काय अडकेल याचा नेम नसतो: केबल, साडी, उसाचा पाला, कुंपणाची तार. इंजिन बंद पडलं की बोटीत उरतं फक्त वल्हं. म्हणून बोटीतलं वल्हं कधी शोभेचं नसतं. ते शेवटचं इंजिन असतं, आणि शेवटच्या इंजिनानं न सांगता बंद पडायचं नसतं.

कोलकात्यात हा धडा रोज पाहायला मिळतो. प्रिन्सेप घाटावर जा. तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या लाकडी नावा आहेत. बंगालीत नावाड्याला 'माझी' म्हणतात. पहिल्या दिवशी मराठी कानाला गंमत वाटते, मग सवय होते. आपण सगळ्यालाच वल्हं म्हणतो, पण इथे हातात धरून मारायचं आखूड वल्हं म्हणजे 'बोइठा', नावेला अडकवून ओढायचं लांब वल्हं म्हणजे 'दांड', आणि मागे दिशा धरायला असतो तो 'हाल'. हुगळी ही भरती-ओहोटीची नदी आहे. समुद्र दोनशे किलोमीटर लांब असूनही तिचं पाणी दिवसातून दोनदा उलटं फिरतं. इथली माणसं त्याला जोआर-भाटा म्हणतात. अशा पाण्यात वल्ह्यावर किती ताण येत असेल, हे सांगायला नको.

माझीच्या नावेत एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. दांड खुंट्याला दोरीच्या फासानं अडकवलेला असतो. घर्षण होतं ते त्या दोरीवर. आधी झिजते ती दोरी. ती झिजताना डोळ्यांना दिसते, स्वस्तात मिळते आणि पाच मिनिटांत बदलता येते. खुंटा आणि दांड मात्र वर्षानुवर्षं टिकतात. महाग वस्तू वाचवायला स्वस्त वस्तू आधी झिजू द्यायची, हे टिकाऊपणाचं शहाणपण या घाटावर कुणीही इंजिनियर न होता वापरतो.

आता हाच निकष दुकानातल्या वल्ह्यांना लावून पाहू.

फुगवायच्या फळीबरोबर सहसा अॅल्युमिनियमचं तीन तुकड्यांचं वल्हं येतं. शिकायला आणि तलावाला ते ठीक. पण जोडात वाळू गेली की अडकतं, खाऱ्या पाण्यानं आतून खाल्लं जातं, आणि लाटेच्या माराखाली वाकतं. वाकलेला दांडा हातानं सरळ केला तरी त्या जागी तो कायमचा कमजोर होतो. दांड्यात पाणी शिरत असेल तर हातातून सुटल्यावर बुडण्याचीही भीती.

नायलॉनचं पातं दगडावर आपटलं तरी सहज फुटत नाही. व्यवसायात, नवख्या पर्यटकांच्या हाती द्यायला ते उत्तम. पण ते वाकतं, त्यामुळे जोर वाया जातो, आणि वर्षानुवर्षं उन्हात पडलं तर ठिसूळ होतं.

कार्बन फायबर हलकं आणि ताठ. पाचशे-सहाशे ग्रॅमचं वल्हं हातात घेतलं की मोह होतोच. पण कार्बनची ताकद ज्या दिशेला धागे घातले आहेत त्या दिशेला असते. फळीच्या कडेवर एकाच ठिकाणी टोला बसला की आत बारीक भेग पडते आणि वरून काही दिसत नाही. मग एक दिवस, ऐन लाटेत, ते एका झटक्यात दोन तुकडे होतं. तुटलेली कडा हात कापते, तो भाग वेगळाच.

फायबरग्लास थोडं जड, थोडं लवचिक. पण त्याला मार बसला की बहुतेक वेळा तिथे पांढरट डाग उमटतो. म्हणजे वल्हं स्वतःच सांगतं की मला इथे लागलंय. शिवाय कोकणात जिथे जिथे मासेमारीच्या फायबरच्या होड्या आहेत, तिथे रेझिन आणि कापड लावून दुरुस्त करणारा कारागीर आहेच. तुटण्याआधी सांगणारं आणि गावात दुरुस्त होणारं, माझ्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारं वल्हं हे.

लाकडी वल्ह्यालाही कमी लेखू नका. ते जड असतं, वॉर्निशची काळजी मागतं, टोकाला पाणी पितं. पण लाकूड सहसा कुरकुरतं, चिरा दाखवतं, मगच मोडतं. सुताराला दाखवलं तर त्याला समजतं. आपल्या आरमाराची आठवण इथे येतेच. फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालं आहे, आणि ज्या विजयदुर्गावरून ते आलं, तिथल्या आंग्र्यांच्या गलबतांवर वल्ही मारणारे चाळीस-पन्नास गडी असत. वारा पडला की हीच गलबतं मोठ्या गुराबांना ओढून नेत. त्या वल्ह्यांची निवडही कुणी फक्त वजन पाहून केली नसणार.

यावर हलक्या वल्ह्याच्या बाजूचे लोक म्हणतील: तासाभरात हजारो वेळा वल्हं मारायचं, दर वेळी दोनशे ग्रॅम जास्त उचलायचे, तर खांद्याचं काय? लांब पल्ल्याच्या शर्यतीत हा मुद्दा बरोबर आहे. शर्यतवाल्यानं कार्बनच घ्यावं. पण लाटांवरचा खेळ वेगळा. तिथे थोडा वेळ जोर, मग लाट तुम्हाला नेते. त्या थोड्या वेळात वल्हं वळायला, टेकायला, तोल सावरायला वापरलं जातं, आणि फळीच्या कडेवर सर्वात जास्त तिथेच आपटतं. शिवाय पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पिठू वाहून खांदे झिजवलेल्या आपल्यासारख्यांना थोडा लवचिक दांडाच बरा. अति ताठ दांड्याचा प्रत्येक धक्का थेट सांध्यात जातो.

जोडाबद्दल माझं मत आणखी कडक आहे. जितके जोड, तितक्या कमजोर जागा. लाटांसाठी एकसंध वल्हं घ्या. सपाट पाण्यावर वल्हं आपल्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब चालतं. लाटांवर साधारण दहा-पंधरा पुरे. नवं वल्हं थोडं लांबच घ्या, मूठ गरम गोंदानं तात्पुरती बसवा, आठ-दहा दिवस वापरा, मग कापा. कापलेलं वाढत नाही. व्यवसायासाठी घेत असाल तर लांबी कमी-जास्त होणारं घ्यावंच लागेल, कारण गिऱ्हाइकं सगळ्या उंचीची येतात. पण मग जोड एकच असलेलं घ्या आणि तो रोज गोड्या पाण्यानं धुवा.

घेताना तीन गोष्टी स्वतः करून पाहा. पातं मऊ जागेवर टेकवून दांड्याच्या मध्यावर हलकेच दाब द्या आणि कान द्या. कुरकुर झाली तर ठेवून द्या. पातं आणि दांडा जिथे भेटतात ती मान अंगठ्यानं चाचपा; बहुतेक वल्ही तिथेच जातात. पात्याच्या कडेला प्लास्टिकची पट्टी आहे का ते बघा. ती पट्टी म्हणजे माझीची दोरी: आधी झिजते आणि पात्याला वाचवते. फळीच्या कडेलाही अशीच टेप लावा.

एक इशारा दिल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. टिकाऊ वल्हं म्हणजे विमा नव्हे. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला हुगळीत 'बान' येतो, म्हणजे पाण्याची भिंतच नदीतून उलटी वर चढते. अनुभवी माझी त्या वेळी काठ सोडून नाव खोल पाण्यात नेतात, कारण काठावर ती आपटून फुटते. हौशी माणसानं त्या वेळी पाण्यात असूच नये. आणि कालबैसाखीचं वादळ कुणासाठी थांबत नाही. २१ मे २०२२ ला इथल्या रवींद्र सरोवरात, चारही बाजूंनी शहर असलेल्या शांत तलावात, सराव करणारी रोइंगची बोट वादळात उलटली आणि दोन शाळकरी मुलं बुडाली. लाइफ जॅकेट घाला. वाहत्या नदीत फळीची दोरी घोट्याला बांधू नका. काही अडकलं तर पाण्याखाली हात तिथवर पोचत नाही. एका झटक्यात सुटणारी कमरेची दोरी वापरा. आभाळ काळं दिसलं की फळी काठावर आणा.

माजी सैनिकांपैकी जे या व्यवसायात उतरत आहेत त्यांना माझं विशेष सांगणं आहे. तुमच्या हातून वल्हं घेऊन पाण्यात जाणारा पर्यटक कार्बन-फायबर जाणत नाही. तो तुमच्या मिशा आणि तुमची नोकरी बघून विश्वास ठेवतो. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाआधी प्रत्येक वल्ह्याची तपासणी करा, युनिटमध्ये हत्यारांची करत होतो तशी. मान, जोड, कडा. जे संशयास्पद वाटेल ते बाजूला, मग गर्दी कितीही असो. माझा कौल फायबरग्लासच्या एकसंध वल्ह्याला आहे. तुमचा वेगळा असू शकतो. फक्त निवडताना तराजूवर ठेवण्याआधी विचारा, हे तुटेल कसं.

जय हिंद.